मार्ग मोकळा आहे

यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही, ही अडचण वकिलांच्या लक्षात आली तेव्हा रेल्वेच्या गेटांवर पुन्हा माणसं नेमायचं ठरलं.

त्याआधीची काही वर्षं दख्खन मालमार्ग कंपनीच्या लाइनीवर एकही गेटमन नव्हता. आडवळणाच्या स्टेशनांजवळची गेटं आपोआप पडत आणि आपोआप उठत. गेटमनच्या कोठड्यांमध्ये लोक बकऱ्या बांधू लागले होते. मग एका ठिकाणी ट्रॅक्टर गाडीखाली आला. आरोपी कोण, असं कोर्टाने विचारलं, आणि कंपनीच्या वकिलांना उभं करायला कोणी सापडेना. यंत्र एकाचं, त्याची आज्ञावली दुसऱ्याची, केबल तिसऱ्याची, आणि प्रत्येकाच्या करारात जबाबदारी इतर दोघांची. निर्णय शेवटी माणसाचाच असला पाहिजे, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. कंपनीने ते वाक्य फार आदराने वाचलं आणि त्यातलं हवं तेवढं घेतलं. निर्णय यंत्राचाच राहिला. माणूस त्याला होकार द्यायला बसवला.

या पदाचं नाव 'सहमती अधिकारी'. गाडी जवळ आली की यंत्र गेट पाडायचं, मार्ग तपासायचं आणि पडद्यावर लिहायचं, 'मार्ग मोकळा आहे. सहमती द्या.' खाली हिरवं बटण लुकलुकायचं. अधिकाऱ्याने ते दाबलं की गाडीला सिग्नल मिळे. शेजारी नकाराचं लाल बटण होतं. ते दाबलं तर गाडी थांबे, आणि झालेल्या उशिराचा खुलासा दाबणाऱ्याला द्यावा लागे. कुठलंच बटण दाबलं नाही तर तो नकार धरला जाई, शिवाय आळस. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला अंगठा टेकवून बसायचं. पुढचा प्रत्येक होकार त्या अंगठ्याचा.

वृषाली डहाके बोरसावंग्याच्या गेटवर लागली ती या पदावर. फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन ती लग्नाने बोरसावंग्यात आली होती. स्टेशन म्हणजे एक फलाट, एक पत्र्याची शेड आणि दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. दिवसातून एखादी पॅसेंजर थांबे; बाकी सगळ्या कोळशाच्या आणि सिमेंटच्या मालगाड्या न थांबता जात. वृषालीला गाव आवडत नव्हतं, नोकरी आवडत नव्हती, आणि दोन्ही सोडून जाण्याची हिंमत नसल्यामुळे तिला स्वतःबद्दलही फारसा आदर नव्हता. ती खिडकीकडे पाठ करून बसायची. पडद्यावर उजेड चमकतो, असं कारण सांगायची.

नागपूरच्या प्रशिक्षणात, हे यंत्र लाइनीवर आणणारे देशकर नावाचे अधिकारी स्वतः शिकवायला होते. गुळगुळीत दाढी, मनगटावर दोन घड्याळं. "डोळे फसतात," ते प्रत्येक तासाच्या शेवटी म्हणायचे, "फायबर फसत नाही. तुम्ही पडद्यावर विश्वास ठेवा, खिडकीवर नाही." मग खिडकी कशाला ठेवली आहे, असं वृषालीने विचारलं होतं. हवेसाठी, असं उत्तर आलं आणि वर्ग हसला. वृषालीही हसली.

फायबर ही खरोखर सुंदर गोष्ट होती. तिच्यावर पोसली जाणारी माणसं तशी नव्हती, एवढंच. रुळांच्या कडेने फोनसाठी काचेची तार फार पूर्वीच पुरलेली होती. तिच्या एका टोकातून लेसरची सूक्ष्म चमक सोडली की काचेतल्या अणूंच्या नैसर्गिक विस्कळीतपणामुळे थोडा प्रकाश वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून मागे परततो. जमिनीवर पाऊल पडलं की माती हलते, तार केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी ताणली जाते आणि त्या जागेवरून परतणारा प्रकाश किंचित बदलतो. प्रकाश परतायला लागलेल्या वेळावरून जागा कळते. अशा रीतीने शेकडो किलोमीटरची मुकी तार दर काही हातांवर एक कान होते. बैलगाडी, मोटरसायकल, शाळेतून परतणारी मुलं, कुत्रं, सगळं तिला वेगवेगळं ऐकू येई. कॅमेऱ्याची काच पुसायला माणूस लागतो. पुरलेल्या तारेला कोणी लागत नाही. म्हणून कंपनीने कॅमेरे लावलेच नाहीत. कागदोपत्री कॅमेऱ्याचं काम सहमती अधिकाऱ्याच्या डोळ्यांकडे होतं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हे त्याच डोळ्यांना शिकवलं जात होतं.

या व्यवस्थेत यशस्वी कसं व्हायचं ते पुढच्या गेटवरच्या ढोके नावाच्या गृहस्थांनी दाखवून दिलं. त्यांनी फिरत्या टेबलफॅनच्या डोक्याला एक काडी बांधली. फॅन डावीकडे वळला की काडी हिरव्या बटणावर टेके. ढोके खाटेवर पडून मालिका बघत. वर्षाखेरीला त्यांना 'जलद सहमती'चं प्रमाणपत्र मिळालं. फॅनचं रहस्य सगळ्यांना ठाऊक होतं, देशकरांनाही. देशकरांनी त्यांना बजावलं ते इतकंच, की भारनियमनाच्या वेळी सांभाळा.

वृषालीने फॅन लावला नाही. हात जवळच होता, म्हणून गरज पडली नाही. पडदा म्हणे मोकळा, ती दाबे हिरवं. महिने गेले. फॅनमध्ये आणि तिच्यात फरक एवढाच होता की फॅनला तिरस्कार वाटत नव्हता.

हे बदललं ते सुभद्राबाई गेल्या त्या दिवशी. सुभद्राबाई म्हणजे वृषालीच्या नवऱ्याची, प्रफुल्लची, मोठी आई, थोरली काकू. घरातली सून म्हणून वृषालीने घरी असायला हवं होतं. पण बदली माणूस मिळायला आठवडा आधी अर्ज लागत असे, आणि सुभद्राबाईंनी तशी सूचना दिली नव्हती. सासूने चार बायकांत ऐकवलं की आमच्या सूनबाईंना मयताहून मालगाडी जवळची. वृषाली डबा घेऊन कामावर गेली.

बोरसावंग्याचं स्मशान लाइनीच्या पलीकडे आहे. प्रेत घेऊन जाताना अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बाजू बदलतात. तो विसावा. बोरसावंग्यात विसाव्याची जागा रेल्वे येण्याच्याही आधीपासून ठरलेली, आणि लाइन टाकणाऱ्यांनी रूळ नेमके तिच्यावरून नेले. गावाने जागा बदलली नाही. तेव्हापासून तिरडी दोन रुळांच्या मधे, रबरी फरशांवर ठेवतात. ती जमिनीवर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही आणि कोणी पाऊल उचलायचं नाही. म्हाताऱ्यांपैकी एकजण 'उचला' म्हणेपर्यंत सगळ्यांनी खाली बघत स्तब्ध उभं राहायचं. कोणी पाय हलवला तर मयताचा जीव घुटमळतो, असं म्हणतात. पूर्वीचे गेटमन मयत दिसलं की दोन्ही बाजूंचे दांडे खाली पाडत, स्टेशनमास्तरला फोन करून गाडी रोखून धरत. त्यामुळे मयत मधे असताना गेट पडणं हा गावाच्या दृष्टीने मान होता. गेटमन गेले, यंत्र आलं, मधल्या काळात गावात झालेली मयतं योगायोगाने गाड्यांच्या वेळा चुकवून गेली. मानाची समजूत तशीच राहिली.

त्या दुपारी टाळांचा आवाज आला तसा वृषालीने पडद्यावरून डोळे काढले आणि नमस्कार करायला ती दाराशी गेली. तिरडी गेटमध्ये शिरली. पुढे मडकं धरलेला चुलतभाऊ, उजव्या खांद्याला प्रफुल्ल, मागे चाळीसेक माणसं, बरीचशी अनवाणी. टाळ थांबले. तिरडी रुळांमध्ये टेकली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

काही वेळाने घंटी वाजली आणि दोन्ही दांडे सावकाश खाली आले. गर्दीतल्या कोणी वर पाहिलं नाही. गेटने मयताला मान दिला होता.

वृषालीच्या पाठीमागे पडदा टुणटुणला. मार्ग मोकळा आहे. सहमती द्या.

तिने ताबडतोब लाल बटण दाबलं नाही. दारातून चाळीस माणसं दिसत होती, त्यांत तिचा नवरा होता, आणि तरीही ती आत जाऊन पडदा दुसऱ्यांदा वाचून आली. यंत्राची चूक होऊ शकते हे पटायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात हिरव्या बटणाचं लुकलुकणं जलद झालं होतं. मग तिने लाल दाबलं. दूर तुरीच्या शेतांपलीकडे कोळशाची गाडी करकरत थांबली. इकडे म्हातारा 'उचला' म्हणाला, टाळ सुरू झाले, माणसं दांड्याखालून वाकून स्मशानाकडे गेली. आपण कशातून वाचलो हे त्यांना कळलंही नाही.

पाळी संपेपर्यंत वृषालीला कारण उमगलं होतं. तार हालचाल ऐकते. असणं तिला ऐकू येत नाही. पावलं गेटमध्ये शिरलेली यंत्राने ऐकली, मग सगळं शांत झालं, आणि शांत म्हणजे रिकामं, असं त्याने धरलं. गेटमध्ये शिरून कोणी शांत उभं राहील ही कल्पना यंत्र बनवणाऱ्यांना आली नाही, कारण ते स्वतः कुठेच शांत उभे राहत नसत. उपाय अवघड नव्हता. रेल्वेत डब्यांच्या चाकांचे आस मोजणारं उपकरण फार जुनं आहे: जेवढे आस आत गेले तेवढे बाहेर आल्याशिवाय ते रूळ मोकळा मानत नाही. पावलांनाही तोच नियम लावायचा. तिने हे नीट लिहून कंपनीला पाठवलं. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे, असं उत्तर क्षणात आलं. म्हणजे तेही यंत्राने पाठवलं होतं.

मग देशकरांचा फोन आला. आवाज अगदी गोड. झालं ते झालं, घरात दुःख होतं, मन थाऱ्यावर नव्हतं, असा भास कोणालाही होतो. तेवढं लिहून द्या, विषय संपला. नोकरीला धक्का नाही.

वृषालीने विचारलं की मग त्या नकाराचं पुढे काय होणार.

देशकरांनी ते अभिमानाने समजावून सांगितलं. यंत्र शिकत असतं. प्रत्येक नकाराची चौकशी होते, आणि तो बरोबर होता की चूक, हे यंत्राला शिकवलं जातं. आतापर्यंतचे सगळे नकार चूक ठरले होते: कोणाचा हात चुकून लागला, कोणी झोपेत दाबलं. हा एक चूक ठरला की कंपनी लाल बटण सगळ्या लाइनीवरून काढून टाकणार होती. माणसाचा नकार हीच या यंत्रणेतली एकमेव चूक आहे, हे आकड्यांनी सिद्ध होत होतं. हिरवं राहील, देशकर म्हणाले, कारण कोर्टाने सांगितलंय.

म्हणजे शांतता म्हणजे रिकामं, हे यंत्राला अधिकृतपणे शिकवलं जाणार होतं, आणि तशा वेळी गाडी थांबवण्याची एकुलती सोयही जाणार होती. प्रत्येक गेटवर. वृषालीने फोनवर सांगितलं की भास वगैरे काही नव्हता, तिच्याकडे चाळीस साक्षीदार आहेत.

हे चाळीस साक्षीदार तिने दोन दिवस गावभर फिरून शोधले. सरपंच धनराज खोंडे तिरडीच्या डोक्याशी उभे होते. तिने स्वतः पाहिलं होतं. त्यांनी तिला चहा दिला, सुभद्राबाईंची आठवण काढली, डोळेही पुसले. रुळाचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "आमी तं बाजूनं थांबलो होतो, बाई. रुळावर कोन थांबते? गुन्हा आहे थो."

तेच उत्तर प्रत्येक घरात. रुळावर थांबणं हा गुन्हा आहे, गुन्हा नोंदला गेला की पोरांना नोकरीचा दाखला मिळत नाही, ही माहिती गावात कोणीतरी फार काळजीने पोचवली होती. एकाने तर विसावा मुळात गावकुसाजवळच होतो, असं सांगितलं. त्याच्या बापाचा विसावाही रुळांमध्ये झाला होता. ज्या म्हाताऱ्याने 'उचला' म्हटलं होतं तो म्हणाला की त्याला आजकाल आठवत नाही. आणि लगेच, न विचारता, लाइन टाकणाऱ्या मुकादमाचं नाव त्याने सांगितलं.

प्रफुल्लशी ती शेवटी बोलली. त्याचा फवारणीचे ड्रोन भाड्याने देण्याचा धंदा होता, आणि ड्रोन चार्ज करायचं त्याचं खोपटं स्टेशनच्या आवारात, कंपनीच्या जागेत होतं. तो एका ड्रोनची पाती पुसत होता. ती समोर बसली तरी त्याने पुसणं थांबवलं नाही.

"तिरडी माझ्याच खांद्यावर होती, मले काय सांगून राहिली?" तो म्हणाला. "पन सांगन कसा? जागा त्यायची. उद्या केस झाली तं सगळ्यात आधी हे खोपटं उठवन थे."

"म्हणजे मी खोटी?"

"खोटी कोन म्हनते? लिहून दे चुकलं म्हनून. थो ढोक्या फॅन लावून झोपते, त्याले सर्टिफिकेट. तुलेच काहून एवढं लागते?"

"मी हिरवं दाबलं असतं तर तुम्ही सगळे तिथंच होता."

प्रफुल्लने पातं उजेडात धरून पाहिलं. "पन दाबलं नाई ना," तो म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याशी जेवणापुरतंच बोलली. याचा अर्थ तिचा राग उतरला, असा त्याने सोयीस्करपणे घेतला.

चौकशी गेटवरच झाली. समितीत तिघं होते. अध्यक्ष पाठराबे, रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले इंजिनिअर. कंपनीच्या एक वकीलबाई. आणि देशकर, ज्यांच्या यंत्राची चौकशी होती तेच. गाव दांड्यांच्या दोन्ही बाजूंना जमलं होतं. एकेकाने पुढे येऊन आपण रुळावर थांबलो नव्हतो असं सांगितलं. प्रफुल्लची पाळी आली तेव्हा त्याने वृषालीकडे न बघता तेच सांगितलं. फक्त त्याचा आवाज बारीक येत होता, म्हणून वकीलबाईंनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं.

वृषालीला काही म्हणायचं आहे का, असं पाठराब्यांनी विचारलं. ती म्हणाली की म्हणायचं काही नाही, दाखवायचं आहे. समितीने स्वतः रुळांमध्ये स्तब्ध उभं राहावं आणि यंत्र काय म्हणतं ते बघावं. देशकरांनी नियम आठवून पाहिले. पण पाठराबे आयुष्यभर रुळांवर चाललेले. ते म्हणाले, करून बघू. सिमेंटची एक गाडी यायची होती, ती त्यांनी बाहेरच्या सिग्नलला थांबवून ठेवायला सांगितली. पुढचं सगळं यंत्राने नेहमीसारखं करायचं.

तिघं रुळांमध्ये जाऊन उभे राहिले. वृषाली पडद्यासमोर बसली.

पाठराब्यांनी गुडघा दुखतो म्हणून भार या पायावरून त्या पायावर घेतला. वकीलबाईंच्या टाचा रबरी फरशांच्या फटीत अडकत होत्या. देशकरांच्या एका घड्याळावर निरोप आला, त्यांनी तो वाचला, मग दुसऱ्यावर वाचला, मग फोन काढून मनगट हलवत कोणाला तरी सांगितलं की ते अत्यंत महत्त्वाच्या चाचणीत आहेत. यंत्राने हे सगळं ऐकलं. पडद्यावर आलं: 'तीन व्यक्ती. मार्ग अडलेला आहे.' हिरवं बटण विझलेलंच राहिलं.

गावात कुजबुज झाली. देशकर आत येऊन पडदा बघून गेले आणि बाहेर जाऊन त्यांनी तो निकाल मोठ्याने वाचला. यंत्र अचूक होतं. तीन माणसं, तीन व्यक्ती. वकीलबाईंनी नोंद घेतली. धनराज खोंड्यांनी समाधानाने मान डोलावली, जणू यंत्र त्यांच्याच घरी जन्मलं होतं.

सुभद्राबाईंच्या तिरडीजवळची चाळीस माणसं पाच मिनिटं श्वासही जपून घेत होती, आणि शहरातले हे तिघं एक मिनिटही उभे राहू शकले नव्हते. यंत्र त्यांच्याच सवयींवर शिकलेलं असल्यामुळे ते त्यांच्यापुरतं बिनचूक होतं. वृषालीने दाराशी येऊन गावाकडे पाहिलं. कोणी यावं, दोघांनी यावं, असं ती म्हणाली नाही. पण ती बराच वेळ बघत राहिली, आणि प्रत्येकाला ते समजलं. प्रफुल्ल दांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने चपलेचा अंगठा नीट केला.

"मी उभी राहते," ती पाठराब्यांना म्हणाली. "बटणावर कोणीतरी बसा."

पाठराब्यांनी देशकरांकडे पाहिलं. देशकर खुर्चीत जाऊन बसले आणि पाळी घ्यायचा नियम होता म्हणून त्यांनी अंगठा टेकवला. वृषालीने आपला काढला.

तिने चपला कोठडीच्या पायरीशी काढल्या, रुळांमध्ये जाऊन उभी राहिली आणि मान खाली घातली. तिला सुभद्राबाईंबद्दल फार प्रेम होतं असं नाही. पण त्या वेळी तिने त्यांचाच विचार केला, कारण कशाचा तरी विचार केल्याशिवाय इतकं स्थिर उभं राहता येत नाही.

घंटी वाजली. दांडे खाली आले.

कोठडीत पडद्यावर आलं: 'मार्ग मोकळा आहे. सहमती द्या.' देशकरांनी ते वाचलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाई रुळांमध्ये उभी होती, निळ्या साडीत, उन्हात, स्पष्ट. त्यांनी पुन्हा पडदा वाचला. हिरवं लुकलुकणं जलद होऊ लागलं, टुणटुण वाढली. नकार दिला तर तो त्यांच्या अंगठ्याचा नकार. ज्या यंत्राच्या जाहिरातीवर त्यांचा फोटो होता त्याच यंत्राला. काहीच दाबलं नाही तरी तेच, वर आळस. देशकर दुष्ट नव्हते. त्यांनी हजार माणसांना एकच गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांना स्वतःलाही येत होती, एवढंच.

त्यांनी हिरवं दाबलं.

लाइनीच्या टोकाला सिग्नल बदलला. सिमेंटच्या गाडीने शिट्टी दिली आणि डबे एकामागून एक खणखणत ताणले गेले. दांड्याजवळची एक बाई किंचाळली. वृषाली इंजिन हललेलं सगळ्यांना दिसेपर्यंत तिथंच उभी राहिली, मग चालत बाजूला झाली. गाडी यायला अजून भरपूर अवकाश होता. ती सावकाश आली आणि सावकाश गेली.

देशकर बाहेर आले तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं. "गाडी आली तेव्हा तुम्ही तिथं नव्हता," ते म्हणाले. "म्हणजे मार्ग मोकळाच होता. यंत्र बरोबर आहे."

यावर वकीलबाईंनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. पाठराबे गुडघा चोळत पायरीवर बसले होते. इतका वेळ ते पडद्याकडे बघत होते.

"अंगठा कोणाचा लागलाय?" त्यांनी विचारलं.

वकीलबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांना कायदा येत होता, आणि हा कायदा लिहायला त्यांनीच मदत केली होती: होकार ज्याचा, जबाबदारी त्याची. माणूस रुळावर दिसत असताना होकार दिला तर काय शिक्षा होते, तेही त्यातच होतं. इंजिनच्या कपाळावरचा कॅमेरा सगळं टिपून गेला होता. तो कॅमेरा गाडीवाल्यांचा. तो पुसायला कंपनीला माणूस लागत नसे.

होकार रद्द करता येतो का, असं पाठराब्यांनी साळसूदपणे विचारलं. येतो, देशकर म्हणाले, कारण द्यावं लागतं. कोणती कारणं चालतात? एकच चालत होतं. 'मार्गावर अडथळा होता. यंत्राला तो कळला नाही.' ते देशकरांनी स्वतः ठेवलं होतं, कोणी वापरणार नाही अशा खात्रीने.

त्यांनी ते दाबलं. खऱ्यासाठी नव्हे, वृषालीसाठी नव्हे, चाळीस माणसांसाठी तर नव्हेच. अंगठा सोडवण्यासाठी. पण यंत्राला हेतू कळत नाहीत, त्याला नोंद कळते. त्या नोंदीने सुभद्राबाईंच्या दिवसाचा नकारही बरोबर ठरला. लाल बटण जागेवर राहिलं. पावसाळ्याआधी सगळ्या लाइनीवर नवा नियम लागू झाला: आत गेलेली पावलं बाहेर आल्याशिवाय मार्ग मोकळा मानायचा नाही. कंपनीने त्याला 'देशकर दुरुस्ती' असं नाव दिलं आणि मुंबईच्या एका परिषदेत त्यांच्या गळ्यात पदक घातलं. बोरसावंग्याच्या ग्रामपंचायतीने गेटवर फलक लावला. त्यात देशकरांचा फोटो मोठा होता, धनराज खोंड्यांचा त्याहून थोडा मोठा.

वृषालीला रेल्वे हद्दीत विनापरवाना उभं राहिल्याबद्दल कामावरून काढलं. गुन्हा सिद्ध व्हायला काही त्रास पडला नाही. या वेळी गावातले सगळे साक्षीला आले.

शेवटच्या दिवशी ती कोठडीतलं आपलं सामान काढत होती: खुर्चीवरची उशी, पाण्याची बाटली, चहाची किटली. प्रफुल्ल गाडी घेऊन न्यायला आला. फलकाखाली गाडी लावून तो किटली बांधायची दोरी सोडवत बसला. गाठ सोपी होती, पण त्याने वेळ घेतला.

"त्या दिवशी मी येनारच होतो," तो म्हणाला. "तू रुळावर गेली ना, तवा. आता येतोच, असं झालं होतं मले."

वृषालीने उशी त्याच्या हातात दिली.

"उभे तर होतातच तुम्ही," ती म्हणाली. "दांड्याच्या पलीकडे. इतके स्थिर, की तिथं कोणी आहे हे यंत्रालाही कळलं नसतं."